अंतर्गळाची दुरुस्ती: एक चिरा की तीन छिद्रे?

पोटाची पुढची भिंत थराथरांची असते. वर कातडी आणि चरबी, त्याखाली स्नायू व त्यांचे चिवट पांढरे पडदे आणि सर्वांत आत आतड्यांना लागून असलेले पातळ उदरावरण. यांतले स्नायू आणि पडदे एखाद्या जागी विरळ झाले किंवा विलग झाले, की खोकताना, कुंथताना, ओझे उचलताना पोटातला दाब त्या जागेवरून उदरावरणाला बाहेर लोटतो. त्याची पिशवी होते, पिशवीत पोटातली चरबी किंवा आतड्याचे वेटोळे उतरते आणि कातडीखाली फुगवटा दिसू लागतो. हाच अंतर्गळ, म्हणजे हर्निया. आडवे झाल्यावर तो बहुधा आत जातो आणि उभे राहिल्यावर परत येतो. मोठ्या माणसात हे भोक औषधाने, आसनांनी किंवा कमरेला पट्टा बांधून बुजत नाही. पट्टा फुगवटा दाबून धरतो, एवढेच. दुरुस्ती होते ती शस्त्रक्रियेनेच.

सर्वाधिक हर्निया जांघेत होतात. पुरुषांमध्ये आयुष्यभरात जांघेचा हर्निया होण्याची शक्यता साधारण २७ टक्के आणि स्त्रियांमध्ये ३ टक्के धरली जाते. पोटाच्या पुढच्या भागात बेंबी आणि बेंबीच्या वरची मधली रेषा या जन्मजात नाजूक जागा आहेत. तिसरी जागा माणसाने तयार केलेली असते, ती म्हणजे जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण. पोट मध्यभागी उभे उघडून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर शंभरातल्या दहा ते वीस जणांना व्रणातून हर्निया होतो. आतडे फुटल्यामुळे तातडीने केलेली शस्त्रक्रिया, पिकलेली जखम, जुना खोकला, लठ्ठपणा, मधुमेह आणि तंबाखूची सवय यांनी ही शक्यता आणखी वाढते.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात हर्नियावर चिरा देऊन भोकापर्यंत समोरून पोचतात. दुसऱ्यात पोटावर दूर कुठेतरी सहसा तीन छोटी छिद्रे करून, दुर्बीण आणि लांब दांड्याची हत्यारे घालून, त्याच भोकापर्यंत मागच्या बाजूने पोचतात. रुग्ण आणि नातेवाईक यांचे लक्ष साहजिकच कातडीवरच्या व्रणाकडे जाते. प्रत्यक्षात या निवडीत व्रणाची लांबी ही सर्वांत हलकी बाब आहे. भोक कुठे आणि केवढे आहे, ते झाकणारी जाळी कोणत्या थरात बसणार, रुग्णाला कोणती भूल झेपेल आणि सर्जनचा हात कोणत्या पद्धतीवर बसलेला आहे, यांवरच दुरुस्ती टिकणार की नाही हे ठरते.

हर्निया दुरुस्त कसा करायचा हा प्रश्न फार जुना आहे आणि भारतात त्याचे सर्वांत जुने नोंदलेले उत्तर काशीशी जोडलेले आहे. सुश्रुतसंहितेची मांडणीच काशिराज दिवोदास धन्वंतरी आपल्या शिष्यांना शल्यतंत्र शिकवतो अशी आहे. तिच्या निदानस्थानात वृद्धीचे, म्हणजे वृषणकोशाच्या सुजेचे, सात प्रकार सांगितले असून त्यांतला शेवटचा अंत्रवृद्धी, म्हणजे आजचा जांघेचा हर्निया. जड ओझे वाहणे, बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे अशी कारणे तिथे दिली आहेत. आतडे आधी जांघेत गाठीसारखे येते, दुर्लक्ष झाल्यास वृषणकोशात उतरते, दाबल्यावर आवाज करत वर जाते आणि सोडल्यावर पुन्हा फुगते, हे वर्णन आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्यालाही तपासणी शिकवताना वापरता येईल इतके अचूक आहे. कोशात पूर्ण उतरलेली वृद्धी सुश्रुताने असाध्य मानली. जांघेपाशीच थांबलेली असेल तर अर्धचंद्राकृती तोंडाच्या तापलेल्या शलाकेने तिथे डाग द्यावा, म्हणजे आतड्याचा मार्ग अडेल, असा उपचार सांगितला. डागाने तयार होणारा कठीण व्रण भोकाच्या तोंडाशी अडसर बनावा हा त्यामागचा विचार. भूल नाही, जंतुनाशक नाही, तरीही रोगाचे मूळ आतड्यात नसून भिंतीतल्या वाटेत आहे, ही गोष्ट नेमकी पकडलेली होती. त्याच ग्रंथात उदररोगांच्या चिकित्सेत बेंबीखाली डाव्या बाजूला पोट उघडून, आतडे बाहेर घेऊन तपासण्याची आणि पुन्हा आत ठेवून शिवण्याची कृतीही आहे. ती वाचली की पोटाच्या भिंतीचा विचार तिथे किती बारकाईने झाला होता हे कळते.

वाट बंद करायची हे ठरले, तरी कशाने बंद करायची यावर पुढची सगळी मजल आहे. इटलीतील पाडुआच्या एदोआर्दो बासिनी यांनी १८८० च्या दशकात जांघेच्या मागच्या भिंतीचे थर टाक्यांनी पुन्हा एकत्र आणण्याची पद्धत बसवली आणि आधुनिक हर्निया शस्त्रक्रिया सुरू झाली. तिचा दोष टाक्यांच्या ताणात होता. एकमेकांपासून दूर गेलेल्या दोन कडा ओढून शिवल्या, की प्रत्येक खोकल्यासरशी टाका ऊतक कापत जातो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी आधी पॉलिथिलीनची आणि नंतर पॉलिप्रॉपिलीनची विणलेली जाळी वापरात आणली आणि १९८० च्या दशकात अर्व्हिंग लिक्टेनस्टाइन यांनी कडा न ओढता वर जाळी अंथरण्याची पद्धत रूढ केली. शरीर या जाळीच्या डोळ्यांतून नवे तंतुमय ऊतक विणत जाते आणि काही महिन्यांत जाळी व भिंत एकजीव होतात.

जाळीने किती फरक पडला हे व्रणातल्या हर्नियावर झालेल्या एका डच अभ्यासातून स्वच्छ दिसते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, नुसत्या टाक्यांनी दुरुस्त केलेल्यांपैकी तीन वर्षांत ४३ टक्के रुग्णांचा हर्निया परत आला, तर जाळी बसवलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. त्याच रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब २००४ मध्ये आला तेव्हा आकडे ६३ आणि ३२ टक्के झाले होते. बेंबीच्या छोट्या हर्नियाला जाळी कशाला, असा समज बराच काळ होता. एक ते चार सेंटिमीटरच्या भोकांवर ३०० रुग्णांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तोही खोडला. तिथे टाक्यांनंतर १२ टक्के आणि जाळीनंतर ४ टक्के हर्निया परत आले. एक सेंटिमीटरपेक्षा लहान भोक असेल तर मात्र टाके पुरतात. दुर्बीण की चिरा हा प्रश्न जाळीच्या प्रश्नानंतरचा आहे, हे लक्षात ठेवून पुढची तुलना वाचावी.

जाळी कोणत्या थरात ठेवायची याला फार महत्त्व आहे. स्नायूंच्या पडद्यावर, कातडीखालच्या चरबीत ठेवणे सर्वांत सोपे. पण तिथे कातडी व चरबी मोठ्या भागातून सुटी करावी लागते, पाणी साचते आणि वरची जखम पिकली तर जंतू थेट जाळीपर्यंत पोचतात. भोकाच्या कडांना जाळी जोडून भोक नुसते झाकणे सर्वांत वाईट, कारण दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे काहीच नसते. स्नायूंच्या मागे, उदरावरणाच्या पुढे जागा करून जाळी पसरणे कष्टाचे, पण टिकाऊ. इथे पोटातला दाबच जाळीला भिंतीवर चिकटवून धरतो, जसा सायकलच्या फाटक्या टायरच्या आतून बसवलेला रबराचा तुकडा हवेच्या दाबानेच जागेवर राहतो. फ्रान्समध्ये रिव्ह आणि स्टोप्पा यांनी हा थर प्रतिष्ठित केला. चौथा पर्याय पोटाच्या पोकळीत, उदरावरणाच्याही आत जाळी लावण्याचा. साधी जाळी तिथे आतड्याला चिकटते आणि वर्षांनंतर त्यात घुसूही शकते. म्हणून आतड्याकडची बाजू न चिकटणाऱ्या थराची असलेली खास जाळी लागते आणि ती साध्या जाळीच्या कितीतरी पट महाग असते.

चिरा देऊन केलेल्या जांघेच्या शस्त्रक्रियेत पाच-सहा सेंटिमीटरचा तिरका छेद घेतात, पडदा उघडतात, वीर्यनलिका व रक्तवाहिन्या असलेली दोरी सोडवतात, पिशवी आत ढकलतात आणि मागच्या भिंतीवर जाळी शिवतात. या भागातून तीन बारीक मज्जातंतू जातात. त्यांतला एखादा टाक्यात किंवा जाळीत अडकला तर दुखणे महिनोन्‌महिने राहू शकते. या शस्त्रक्रियेचा मोठा गुण असा, की ती जागेवर टोचलेल्या भुलीत होऊ शकते. हृदयाचा किंवा दम्याचा जुना रोगी, ज्याला पूर्ण भूल देणे धोक्याचे, त्याच्यासाठी हा गुण निर्णायक ठरतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट किंवा पोटाच्या भिंतीतला थर कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका ठेवतात. एका दहा मिलिमीटरच्या छिद्रातून दुर्बीण, दोन पाच मिलिमीटरच्या छिद्रांतून हत्यारे. जांघेसाठी दोन वाटा आहेत. एकीत पोटाच्या पोकळीत शिरून उदरावरण उघडतात, जाळी बसवतात आणि उदरावरण पुन्हा शिवतात. दुसरीत पोकळीत न शिरता, स्नायू आणि उदरावरण यांच्यामधल्या जागेतच सगळे काम करतात. दोन्हींत निदान दहा बाय पंधरा सेंटिमीटरची जाळी बसते आणि ती जांघेतल्या सर्व कमकुवत जागा एकदम झाकते. स्त्रियांमध्ये मांडीच्या शिरांशेजारच्या अरुंद वाटेने उतरणारा हर्निया समोरून पाहताना निसटू शकतो आणि तोच आतडे अडकण्याच्या दृष्टीने जास्त घातक असतो. मागून पाहिल्यावर तो लपत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्त्रियांच्या जांघेच्या हर्नियासाठी, कुशल हात उपलब्ध असल्यास, दुर्बिणीची शिफारस आहे.

दोन्ही जांघांत हर्निया असेल तर त्याच तीन छिद्रांतून दोन्ही बाजू होतात आणि वेगळे दोन चिरे वाचतात. आधी समोरून दुरुस्ती होऊन हर्निया परत आला असेल तर पुन्हा समोरून जाणे म्हणजे व्रणाच्या चिकट जाळ्यात मज्जातंतू शोधणे. मागची जागा अजून कोरी असते, त्यामुळे दुर्बीण सोयीची. उलट आधी दुर्बिणीने झाले असेल किंवा प्रोस्टेटची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर समोरचा मार्ग कोरा आणि सुरक्षित. वैद्यकीय सूचनांमध्ये इतका सरळ, समजण्याजोगा नियम क्वचितच सापडतो.

पहिल्यांदा झालेल्या, एकाच बाजूच्या हर्नियात मात्र निकाल इतका एकतर्फी नाही. दुर्बिणीनंतर पहिल्या काही दिवसांत दुखणे कमी असते, कामावर लवकर जाता येते आणि दीर्घकाळ राहणारे दुखणेही कमी आढळते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीने २००४ मध्ये दुसरी बाजू दाखवली. तिथे पहिल्या हर्नियाच्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांत दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के आणि चिऱ्याच्या गटात ४ टक्के हर्निया परत आले. पण ज्या सर्जनांनी दुर्बिणीच्या अडीचशेहून अधिक शस्त्रक्रिया केलेल्या होत्या त्यांच्या रुग्णांत हा फरक उरला नव्हता. दुर्बिणीची पद्धत हातात बसायला साधारण ५० ते १०० शस्त्रक्रिया लागतात आणि त्यांतल्या पहिल्या तीस-पन्नास सर्वांत जोखमीच्या. त्यामुळे रुग्णाने विचारायचा प्रश्न पद्धतीच्या नावाचा नाही. ‘तुम्ही ही शस्त्रक्रिया वर्षाला किती करता?’ हा आहे, आणि तो विचारण्यात कोणताही अवमान नाही.

पोटाच्या पुढच्या भिंतीचे आणि व्रणातले हर्निया यांचा हिशेब निराळा. इथे चिरा मोठा असतो आणि जखम पिकण्याची भीती खरी असते. २०११ च्या कॉक्रन समीक्षेत दहा चाचण्यांतील ८८० रुग्ण एकत्र पाहिले गेले. दुर्बिणीच्या गटात जखमेचा संसर्ग ठळकपणे कमी होता आणि बहुतेक चाचण्यांत रुग्णालयातला मुक्कामही. हर्निया परत येण्यात मात्र दोन्ही पद्धतींत फरक दिसला नाही. आतड्याला इजा होणे दोन्हींत विरळाच. तरी दुर्बिणीत ती शस्त्रक्रियेच्या वेळी नजरेतून सुटली तर दोन-तीन दिवसांनी पोटात विष पसरल्यावरच लक्षात येते आणि तेव्हा जीव धोक्यात असतो. आधीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी भिंतीला चिकटलेली असतील तर हा धोका वाढतो. चिकटलेली आतडी सोडवणे अवघड दिसले, तर मध्येच दुर्बीण बाजूला ठेवून चिरा देणे हा शहाणपणाचा निर्णय असतो. नातेवाइकांनी त्याला अपयश समजू नये.

लठ्ठ माणसाच्या पोटावर चरबीचा जाड थर असतो. चिरा दिला की ती चरबी पिकायला वेळ लागत नाही, त्यामुळे अशा रुग्णाला दुर्बिणीचा फायदा सर्वाधिक. चार सेंटिमीटरपेक्षा मोठे किंवा एकापेक्षा जास्त भोक असलेल्या बेंबीच्या हर्नियातही तेच. एक ते चार सेंटिमीटरच्या साध्या भोकाला मात्र लहान चिऱ्यातून, उदरावरणाच्या पुढे बसवलेली सपाट जाळी उत्तम काम करते. दहा सेंटिमीटरहून रुंद भोक, पातळ झालेली किंवा जखमा पडलेली कातडी, पोटातले निम्मे सामान बाहेरच्या पिशवीत वास्तव्याला गेलेले, अशा वेळी बहुधा चिराच लागतो. स्नायूंचे थर एकमेकांपासून सोडवून मध्यभागी आणावे लागतात, जास्तीची कातडी काढावी लागते. पोटाच्या आत खिळ्यांनी जाळी लावण्याच्या दुर्बीण पद्धतीला खिळ्यांचे दुखणे आणि महाग जाळी हे दोन दोष होते. ते टाळण्यासाठी गेल्या दशकभरात स्नायूंच्या मागच्या थरातच दुर्बिणीने किंवा यंत्रमानवाच्या हातांनी साधी जाळी पसरण्याच्या पद्धती पुढे आल्या आहेत. त्यांना वेळ आणि कौशल्य दोन्ही जास्त लागते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतोन उदवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली आणि तिथून हे तंत्र देशभर गेले. ते सरकारी रुग्णालयात, गरीब रुग्णांवर सुरू झाले ही अभिमानाची बाब आहे. तरीही तालुक्याच्या गावी आजही अडचण कायम आहे. कॅमेरा, गॅस, पूर्ण भूल देणारा तज्ज्ञ, अखंड वीज आणि बाहेरून आणलेली महाग जाळी हे सगळे एका वेळी एका छताखाली असणे कठीण.

या अडचणीला सर्वांत धीट उत्तर धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा इथून आले. तिथे ग्रामीण सर्जन म्हणून काम करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी पाहिले, की हजारो रुपयांच्या जाळीअभावी शेतमजुरांची दुरुस्ती अजून ताणलेल्या टाक्यांनीच होते आहे. बाजारात मिळणाऱ्या मच्छरदाणीच्या कापडाचे तंतू पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्याच कुळातले. कीटकनाशक न लावलेले ते कापड धुऊन, मापात कापून, निर्जंतुक करून त्यांनी जाळी म्हणून वापरले. अनेक केंद्रांवर मिळून केलेल्या प्राथमिक चाचणीचा अहवाल त्यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध केला. महागड्या जाळीच्या तुलनेत तिची किंमत नगण्य होती. या कल्पनेची कसून परीक्षा युगांडाच्या कामुली मिशन रुग्णालयात झाली. तिथे ३०२ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटून, एकाला व्यापारी आणि दुसऱ्याला मच्छरदाणीची जाळी बसवण्यात आली. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा आणि व्यापारी जाळीच्या गटात कोणाचाही हर्निया परत आला नव्हता. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१६ मध्ये तो निकाल छापला. दोंडाईचातली गोष्ट जगाच्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात पोचली, आणि तीही चिरा देऊन, जागेवरच्या भुलीत केलेल्या शस्त्रक्रियेच्या आधारावर. एक सावधगिरी इथे आवश्यक आहे. हे कापड घरी उकळून वापरण्याचे नाही. ते जास्त तापमानाला आक्रसते, म्हणून निर्जंतुक करताना तापमान नेमके राखावे लागते. पोटाच्या पोकळीत, आतड्याशेजारी ते ठेवायचे नसते.

पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीलाच फाटा दिला. जांघेतल्या बाहेरच्या स्नायूच्या चिवट पडद्याची एक पट्टी, तिची दोन्ही टोके जागेवर राखून, ते मागच्या भिंतीवर शिवतात. रुग्णाचाच जिवंत पडदा जाळीचे काम करतो आणि स्नायूंच्या हालचालीसरशी ताणला जातो. पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर तिची लिक्टेनस्टाइन पद्धतीशी तुलना झाली, तेव्हा तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत परत आलेल्या हर्नियांची संख्या सारखीच होती. तरुण रुग्ण, जाळी नको असणारे रुग्ण किंवा जाळी पिकण्याचा धोका असलेली जखम, अशा ठिकाणी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. दुर्बिणीने मात्र हे काम होत नाही.

प्रत्येक हर्निया लगेच दुरुस्त करावाच असेही नाही. जांघेत थोडासा फुगवटा आहे पण त्रास नाही, अशा ७२० पुरुषांचा उत्तर अमेरिकेत अभ्यास झाला. नुसते लक्ष ठेवलेल्यांत आतडे अचानक अडकण्याचे प्रमाण दर हजार रुग्णांमागे वर्षाला दोनहूनही कमी निघाले. मात्र दहा वर्षांत त्यांतल्या दोन-तृतीयांश पुरुषांनी, बहुतेकांनी दुखू लागल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतली. मधला वेळ तंबाखू सोडणे, साखर आटोक्यात आणणे, वजन उतरवणे, खोकला, बद्धकोष्ठ आणि लघवीची अडचण यांवर उपचार करणे यांसाठी वापरला, तर कोणत्याही पद्धतीचा निकाल सुधारतो. स्त्रियांच्या जांघेतल्या हर्नियाला ही सवलत लागू नाही. तो लवकर दुरुस्त करावा. फुगवटा एकाएकी कडक झाला, आत जाईनासा झाला, दुखू लागला, वरची कातडी लाल झाली, उलट्या सुरू झाल्या, वारा सरणे थांबले, तर तासांचा हिशेब सुरू होतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. अशा वेळी चिराच बहुधा योग्य, कारण काळे पडलेले आतडे कापून जोडावे लागू शकते. फुगवटा जोर लावून आत दाबण्याचा घरगुती प्रयत्न करू नये.

शस्त्रक्रियेनंतरच्या सूचनांत दोन्ही पद्धतींचा फरक रोजच्या जगण्यात दिसतो. वाराणसीचा पंचगंगा घाट हे त्याचे चांगले उदाहरण. बिंदुमाधवाच्या या घाटाच्या पायऱ्या उंच आणि सरळ चढाच्या आहेत. तिथे आणि शेजारच्या दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि कार्तिकात पहाटेच्या स्नानाला खाली उतरणाऱ्यांत साठी ओलांडलेले बरेच असतात. अशा माणसाची जांघेची शस्त्रक्रिया झाली, की पहिला प्रश्न पायऱ्यांचा येतो. साध्या जांघेच्या दुरुस्तीनंतर चालणे त्याच दिवशी सुरू होते. जाळी टाक्यांवर किंवा पोटाच्या दाबावर जागेवर असते आणि पायऱ्या चढल्याने ती निसटत नाही. त्रास होत नसेल तर तीन ते पाच दिवसांत रोजच्या हालचाली करता येतात, असेच आंतरराष्ट्रीय सूचनाही सांगतात. दुर्बिणीनंतर हे दिवस सहज जातात, चिऱ्यानंतर पहिले आठ-दहा दिवस पायऱ्या उतरताना ओढ जाणवते. दोन्हींत कठडा धरून, सावकाश. पाण्याने भरलेली घागर किंवा सामानाची पिशवी मात्र दुसऱ्याने घ्यावी आणि पुढे किती वजन उचलायचे ते सर्जनकडूनच ठरवून घ्यावे.

स्नानाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात पद्धतीने फारसा फरक पडत नाही. घरी नळाच्या पाण्याने, जखमेवर पाणी साचू न देता अंघोळ बहुधा दोन-तीन दिवसांत चालते. नदीत बुडी मारणे मात्र सर्व छिद्रे किंवा चिरा पूर्ण भरून, कोरडे होऊन, सर्जनने पाहिल्याशिवाय नको. जखमेतून शिरलेले जंतू जाळीच्या धाग्यांत घर करतात आणि मग प्रतिजैविके पुरेशी पोचत नाहीत. पिकलेली जाळी काढून टाकावी लागली, तर रुग्ण मूळ हर्नियापेक्षा मोठ्या भोकासह उरतो. कार्तिकस्नान त्या वर्षी घरच्या बादलीतल्या गंगाजळावर भागवावे, हे सांगताना घरच्यांनी संकोच करू नये. व्रणातल्या मोठ्या हर्नियाची दुरुस्ती झाली असेल तर विश्रांती लांबते. पोटाला आधार देणारा रुंद पट्टा काही आठवडे बांधतात, जड वजन दीड-दोन महिने टाळतात, आणि खोकला आला तर उशी पोटावर दाबून धरायला शिकवतात.

शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा फुगवटा दिसला, की घरात घबराट होते. बहुतेक वेळा तो हर्निया नसतो. पिशवीच्या रिकाम्या जागेत पाणी साचते. हे दुर्बिणीच्या दुरुस्तीनंतर अधिक दिसते, कारण चिऱ्याच्या शस्त्रक्रियेत ती पिशवी काढून टाकता येते किंवा पाणी वाहून जाण्यासाठी नळी ठेवता येते. हा फुगवटा खोकताना मोठा होत नाही, आडवे झाल्यावर आत जात नाही आणि काही आठवडे ते काही महिन्यांत आपोआप जिरतो. घरी किंवा दवाखान्यात सुई टोचून तो वारंवार रिकामा करणे टाळावे, त्याने जाळीपर्यंत जंतू जातात. खोकताना फुगणारा, झोपल्यावर नाहीसा होणारा फुगवटा मात्र सोनोग्राफीने किंवा सीटी स्कॅनने तपासून घ्यावा. दुर्बिणीच्या छिद्रांपैकी दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्राचा आतला थर शिवलेला नसेल, तर त्या छिद्रातूनही नवा हर्निया होऊ शकतो. म्हणून तपासणीच्या वेळी मूळ जागेबरोबर बेंबीजवळचा छोटा व्रणही डॉक्टरांना दाखवावा.